सुमनताईंचे हात

ज्या दिवशी उपकरण आकाशात जायचे, त्या दिवशी सुमनताईंना कसलाही गंध नसे. केसांना तेल नाही, गजरा नाही, अंगाला साबणसुद्धा नाही. नुसत्या कढत पाण्याने न्हाऊन त्या धायरीहून पहिल्या बसने येत आणि प्रयोगशाळेच्या पूर्वेकडील खिडकीशी बसत. माघातले कोवळे ऊन त्यांच्या बोटांवर उतरे आणि त्या उजेडात सिरिंजमधला एकेक थेंब जोखला जाई. तेवढा वेळ आम्ही कोणी त्यांच्या पाठीमागून चालतही नसू.

उपकरण ते केवढे, तर मुलांच्या जेवणाच्या डब्याएवढे. थर्माकोलच्या पेटीत एक चिमुकला पंप आणि दोन पांढऱ्या प्याल्या. एकीत पातळ क्षारद्रावण, दुसरीत दाट. फुगा ती पेटी उंच घेऊन जाई, वाटेतल्या हवेतला ओझोन पहिल्या प्यालीत मिसळला की अतिसूक्ष्म वीजप्रवाह वाहे, आणि पृथ्वीवर पांघरलेले ते अदृश्य वस्त्र कुठे दाट, कुठे विरळ, हे आम्हांला खाली बसून कळे. मात्र प्यालीत काही परके पडले की तो प्रवाह धडधडीत खोटे बोले. म्हणून पातळ द्रावणाच्या सिरिंजला पांढरा दोरा आणि दाट द्रावणाच्या सिरिंजला लाल, असे दोरे ताईंनीच बांधले होते.

मी अमरावतीकडची, डॉक्टरेट घेऊन आलेली, कोथरूडला भाड्याच्या खोलीत राहणारी. बारावी शिकलेल्या या बाईंच्या हाताखाली मला बसवले, तेव्हा आत कुठेतरी टोचले होते. ते त्यांना पहिल्याच दिवशी दिसले असावे. "मॅडम, डिग्री बाहेर चपलांपाशी ठेवा," त्या म्हणाल्या, "हितं हात लागत्यात." पुढे वर्षभर त्यांनी मला आईच्या चिकाटीने आणि सासूच्या तोंडाने शिकवले. त्यांची एक रीत होती. पेटी बंद करण्यापूर्वी त्या शुद्ध, ओझोनविरहित हवा आत सोडत आणि प्रवाह जवळजवळ शून्यावर आला तरच नोंदवहीत सही करत. वीस वर्षांत त्यांची एकही पेटी वाया गेली नव्हती.

त्या सकाळी दिल्लीहून पाहुणे आले होते. फुग्यात वायू भरणाऱ्यांचे काही अडले म्हणून ताई मैदानावर गेल्या आणि प्याल्या भरण्याचे काम माझ्यावर सोपवून गेल्या. पाहुणे भोवती उभे होते आणि मी त्यांना ओझोनवर व्याख्यान देत होते. बोलता बोलता पहिली प्याली भरली. सिरिंज खाली ठेवली, तेव्हा तिचा लाल दोरा दिसला. दाट द्रावण पातळाच्या प्यालीत गेले होते. खरे तर प्याली रिकामी करून, धुऊन पुन्हा भरायला हवी होती. पण त्यात सकाळ गेली असती, आणि त्याच महिन्यात मला नोकरीत कायम करायचे की नाही हे ठरायचे होते. मी घाईने द्रावण काढले, वरवर विसळले, पुन्हा भरले. ताई परत आल्या. शुद्ध हवेला प्रवाह किती, असे त्यांनी विचारले. मी न तपासताच म्हटले, ठीक आहे. त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिले आणि सही केली. माझ्या शब्दावर त्यांनी केलेली ती पहिली सही होती.

फुगा निर्मळ निळाईत दिसेनासा झाला आणि आलेख आला तो वेडावाकडा. जिथे ओझोन अगदी विरळ असावा तिथे तो भरभरून दिसत होता. विभागप्रमुखांनी ताईंना बोलावले. ते मुळात सौम्य गृहस्थ, रागावलेसुद्धा नाहीत. "सुमनताई, हात थरथरतो का हो अलीकडे?" एवढेच त्यांनी विचारले. मी दाराशी उभी होते. ताईंनी आपले दोन्ही तळवे समोर धरून निरखले. "आसंल, सर," त्या म्हणाल्या, "वय झालं." एक वाक्य बोलायचा अवकाश होता. मी गप्प राहिले.

त्यांना भांडारात बसवले, तिथूनच त्या निवृत्त झाल्या. मी कायम झाले. आता मी नवीन मुलींना प्याल्या भरायला शिकवते, आणि त्या मला 'तुमचा हात किती स्थिर आहे' असे म्हणतात, तेव्हा मला स्वतःची शिसारी येते.

परवा मी धायरीला गेले. सहा वर्षे मनात घोकलेले सगळे उभ्याउभ्याच सांगून टाकले. त्या रागावतील, हाकलून देतील, याची मी तयारी केली होती. त्यांनी तसे काहीच केले नाही. त्या मांडीवरच्या हातांकडे पाहत राहिल्या. सून आतून म्हणाली, की आई सुईत दोरा ओवत नाहीत, नातवाला अंघोळ घालत नाहीत. हातातून पोर निसटेल म्हणतात. ऑफिसात एकदा चूक झाली, तेव्हापासून.

"म्हंजे हात माजे चांगले होते, पोरी," सुमनताई म्हणाल्या. त्यांचा आवाज विचारल्यासारखा नव्हता, दुखावल्यासारखाही नव्हता. मग त्यांनी माझ्यासाठी चहाचा कप उचलला, आणि तो बशीत वाजत राहिला.

काळ हे सगळ्यावरचे औषध आहे, असे म्हणतात. मला खरे बोलण्याचे धैर्य येईपर्यंत त्या काळाने एवढेच केले, की सुमनताईंचे हात खरोखरच थरथरू लागले.