रोज पाणी मिळालेली बॅटरी

मित्रांनो, सूर्य मावळल्यावर जगाला उजेड देण्याचे काम विधात्याने तिघांवर सोपवले आहे. चंद्र, तारे आणि मी. चंद्राला आणि ताऱ्यांना जागा आकाशात मिळाली. मला जिन्याखाली, चपलांच्या मांडणीशेजारी मिळाली.

मी एक जुनी बॅटरी आहे. बारा व्होल्टची, पोटात शिसे आणि आम्ल, उचलायला दोन माणसे. मोटारीत बसणाऱ्या माझ्या चुलतबहिणी सकाळी एकदा जोर लावून इंजिन सुरू करतात आणि दिवसभर मिरवतात. आमच्या घराण्याचे काम निराळे. आम्ही तासन्‌तास हळूहळू रिकाम्या होतो आणि पुन्हा हळूहळू भरतो. याबद्दल कोणी हारतुरे घालत नाही.

कारखान्यातून निघून मी दुकानात पोचले आणि दोन महिने फळीवर धूळ खात पडले. एक दिवस एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी माझ्या अंगावरची तारीख वाचली आणि दुकानदाराला म्हणाले, "दोन महिने चार्जिंग नाही? उपाशी ठेवलीत की हो पोरीला."

"काका, बॅटरी आहे ती."

"म्हणून तर. पोरगी असती तर तिनं मागून खाल्लं असतं."

काकांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी-खोलीत एकतीस वर्षे नोकरी केली होती. शहर बोलत राहिले ते आपल्यामुळे, असे त्यांचे मत होते. ते खरेही होते, पण शहराला ते माहीत नव्हते.

मला त्यांनी काकूंसाठी आणले. काकूंची फुप्फुसे थकली होती, आणि त्यांच्या खाटेशेजारी ऑक्सिजनचे मशीन दिवसरात्र चालू असे. जिन्यासमोरचे दार उघडे राहिले की ती खाट मला दिसायची. काकांचा हिशोब पक्का होता. वीज गेली तर माझ्यावर मशीन तीन तास चालेल. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, तिला सिलिंडर घेऊन पोचायला दोन तास. वर एक तास शिल्लक. आणि तीन तासांनंतरही मी निम्मी भरलेली असेन, कारण बॅटरी निम्म्याखाली उतरवणे काकांच्या लेखी पाप होते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ते माझ्याकडे येत. आधी बोटातली अंगठी काढून ठेवत. मग चष्मा, रबरी मोजे. मग जिन्याखालची झरोक्याएवढी खिडकी उघडत, कारण भरताना माझ्यातून वायू निघतो आणि तो ठिणगीची वाटच बघत असतो. जावईबापूंनी एकदा माझ्याजवळ उभे राहून सिगारेट काढली, तेव्हा काकांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अरे-तुरे केले. मी पूर्ण भरले की ते सहाही बुचे उघडत, काचेच्या नळीत आम्ल ओढून त्यावरचा आकडा वहीत लिहीत, आणि लागेल तेवढेच बॅटरीचे पाणी घालत. काठापर्यंत कधीच नाही.

"सहा ठिकाणी नाडी बघता तिची," काकू खाटेवरून म्हणत. "माझी बघितलीत का कधी?"

"तुझं तोंड चालतंय तोवर नाडी बघायचं कारण नाही."

अशी सहा वर्षे गेली. मित्रांनो, ती माझी चांगली वर्षे.

मग काका विसरू लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावे, मग जेवलो की नाही ते. मुलीला ते बहिणीच्या नावाने हाक मारू लागले. माझे काम मात्र त्यांना पुरते पाठ होते. फक्त ते कालच केले, एवढेच आठवत नसे. सोमवारी येऊन ते विचारत, "आज रविवार ना गं?" आणि काकू म्हणत, "हो."

मंगळवारीही रविवार असे. बुधवारीही.

मी काठोकाठ भरले. चार्जिंग सुरू झाले की पाणी उकळी आल्यासारखे वर येई आणि झाकणांतून ओघळे. त्याबरोबर माझे आम्लही ओघळे. दुसऱ्या दिवशी तेवढेच पाणी पुन्हा येई. वरून भरलेली, आतून पातळ, अशी माझी अवस्था झाली. इन्व्हर्टरवरचा हिरवा दिवा मात्र सगळे ठीक असल्याचे सांगत राहिला. त्याला तेवढेच येते.

एकदा मुलीने जिन्याखालची फरशी पाहिली. पांढरी पडून खडबडीत झाली होती.

"आई, बाबा रोज पाणी घालतायत. बॅटरी मरेल अशानं. मी बाटल्या लपवते."

"नको."

"अगं, तुझं मशीन आहे तिच्यावर!"

"दात घासायचं विसरतात, माझं नाव विसरतात. हे तेवढं राहिलंय गं. सकाळी त्या बाटलीसाठी उठतात ते." काकूंना एवढे बोलून धाप लागली. "आणि लाईट जातात कुठे हल्ली?"

पुढच्या महिन्यात बघू, असे ठरले.

पुढच्या महिन्याला नऊ दिवस उरले असताना, दुपारी, वीज गेली. मशीनचा भार माझ्यावर आला. मित्रांनो, मी जे होते नव्हते ते दिले. ते चाळीस मिनिटे पुरले.

मशीन किंचाळू लागले. काकूंनी मुलीला फोन केला आणि एवढेच म्हणाल्या, "ये." काका दारात आले.

"काय झालं गं?"

"बॅटरी उतरली."

"थांब हं. पाणी कमी झालं असेल."

त्यांनी अंगठी काढली. चष्मा लावला, मोजे घातले, खिडकी उघडली. एकही पायरी चुकली नाही. सहाही बुचे उघडून त्यांनी पाणी घातले, आणि ते सगळे माझ्या अंगावरून खाली गेले. मग हात पुसून ते काकूंजवळ जाऊन बसले.

"आता चालेल बघ."

"छान केलंत," काकू म्हणाल्या. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत.

मुलीला दोन तास लागतील असे हिशोबात धरले होते. ती दीड तासात आली.

मित्रांनो, बॅटरीला पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर घाला, आणि बेतानेच. खिडकी उघडी ठेवा. तिला उपाशी ठेवू नका, निम्म्याखाली उतरवू नका. हे मी काकांकडून शिकले. घरात कोणी रोज पाणी घालत असेल तर बाटली लपवा, असेही सांगायला हवे. काकूंना ते जमले नाही, आणि मलाही अजून जमत नाही.

आठवड्याने दोन माणसे आली, मला उचलून अंगणात ठेवले आणि माझ्या जागी नवी बॅटरी बसवली. तिच्यावर एक पंखा आणि दोन दिवे चालतात. काका बाटली घेऊन तिच्याभोवती बराच वेळ बुचे शोधत होते. ती सीलबंद आहे. तिला पाणी घालावे लागत नाही.