गॅलरीवरचा दिवा

नाट्यगृहाच्या मागच्या जिन्याशी एक खिडकी होती आणि ती मुद्दामच भलत्या उंचीवर बसवलेली होती. कमरेच्या पातळीवर, हात जेमतेम आत जाईल एवढी. आतल्याला बाहेरच्याचा चेहरा दिसत नसे, बाहेरच्याला आतल्याचा. गॅलरीचं तिकीट तिथं मिळे. त्याची किंमत ठरलेली नव्हती. ज्याला जे जमेल ते त्यानं आत सरकवायचं. कोणी नोट देई, कोणी सुटी नाणी, कोणी नुसतीच मूठ आत नेऊन उघडी. तिकीट सगळ्यांना सारखंच मिळे. शिवाय गॅलरीतले दिवे खालच्या दिव्यांच्या आधी मालवायचे आणि मध्यंतरातही लावायचे नाहीत, हीही तिथली जुनी रीत. खालच्यांनी मान वर केली तरी काळोखच दिसे.

आई गेल्यावर भाचीला मामांनीच वाढवलं आणि याच जिन्यानं नाटकाला नेलं. मामा घड्याळं दुरुस्त करायचे. पुढं लोक वेळ फोनवर बघू लागले आणि मामांचं दुकान बसलं, पण गुरुवारचं नाटक काही सुटलं नाही. भाची शिकली, त्याच नाट्यगृहाच्या संस्थेत देणग्या मिळवण्याच्या कामाला लागली, तरी मामांनी तिच्याकडून कधी पास घेतला नाही.

"अहो मामा, पुढच्या रांगेत बसा की. माझी खुर्ची रिकामीच असते."

"तू नोकरी कर, मी नाटक बघतो," मामा म्हणायचे. "आणि पुढं बसलं की नटांची थुंकी उडते अंगावर. वर कसं हवेशीर."

त्या वर्षी संस्थेचं कंबरडंच मोडलं. छप्पर गळायला लागलं, सरकारी मदत आटली आणि कार्यकारिणीत गॅलरीलाही दर लावायची भाषा सुरू झाली. दर लागला तर मामांसारखे किती जण जिना चढतील, हे भाचीला पक्कं ठाऊक होतं. तिनं जिवाचं रान केलं, कंपन्यांचे उंबरठे झिजवले. शेवटी एका कंपनीच्या बाई तयार झाल्या. गॅलरीचा तोटा कंपनी भरणार, तोही तीन वर्षं. अट अशी काही नव्हतीच. चहा पिता पिता त्या एवढंच म्हणाल्या, "ज्यांच्यासाठी देतोय त्यांचे चेहरे दिसले असते, तर आमच्या मंडळींना बरं वाटलं असतं."

भाची नाटकं बघत वाढलेली. काही दाखवायचं म्हटलं की तिच्या डोक्यात आधी दिवाच यायचा. ती थेट लाइटवाल्या काकांकडे गेली.

"मध्यंतरात देणगीची घोषणा झाली की एक झोत गॅलरीवर टाका, काका."

"गॅलरीवर? अगं, माझा दिवा जन्मात कधी तिकडं वळला नाही. मान धरली असेल त्याची."

"मग तेल घाला मानेला."

"घालीन की. पण वरच्यांना विचारलंस का?"

"त्यांच्यासाठीच तर चाललंय सगळं! टाळ्या वाजतील हो त्यांच्यासाठी. टाळ्या कोणाला नको असतात?"

काकांनी खांदे उडवले आणि शिडी चढू लागले.

गुरुवारी मध्यंतरात बाईंनी घोषणा केली. खालचं नाट्यगृह भरलेलं होतं. भाची रंगमंचावरच होती. तिनं हात गॅलरीकडे केला आणि म्हणाली, "ज्यांच्यासाठी ही देणगी आहे, त्या आपल्या प्रेक्षकांनी कृपया उभं राहावं."

झोत वर गेला. एका बाईनं मुलाचं तोंड पदराआड घेतलं. एकानं वाकून चप्पल शोधायचं निमित्त केलं. कॉलेजातली दोन मुलं भिंतीकडे वळली. कोणी उठेना. खालच्या माना वर वळलेल्या, आणि भाचीचा हात तसाच हवेत. कुठंतरी कोणी खाकरलं.

तेवढ्यात एक माणूस उठला. उसवलेली कॉलर, ताठ पाठ. मामा. त्यांनी डोळ्यांवर हातही धरला नाही. त्यांच्याकडे बघून बाकीचे एकेक करून उठले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अरे, हे आपले घड्याळवाले ना?"

देणगी आली. गॅलरीचं तिकीट होतं तसंच राहिलं. पण पुढच्या गुरुवारी खिडकीत फार हात आले नाहीत आणि मामांचा तर नाहीच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. भाची त्यांच्या घरी गेली.

"गुडघे दुखतात का, मामा? जिना जड जातो?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय!"

"मग येत का नाही?"

मामा पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे करत राहिले.

"त्या दिव्याचं एवढं मनाला लागलं होतं, तर उभे कशाला राहिलात? बसून राहायचं होतं."

"तू तिथं हात पसरून उभी होतीस. कोणी उठेना. तुझं हसं झालं असतं, ठमे."

ती रडायलाच लागली. "परत नाही टाकणार दिवा. आईशप्पथ नाही."

"तू नाही टाकणार गं. पण वर कोण बसतं हे आता खालच्यांना कळलंय. अंधार केला म्हणून ते थोडंच विसरणार?" मग त्यांनी विचारलं, "खालचं तिकीट केवढ्याला असतं?"

तिनं सांगितलं. मामांनी नुसती मान हलवली.

कितीतरी गुरुवार असेच गेले. मग एका गुरुवारी नाटक चालू असताना ती बाजूच्या दारातून आत डोकावली, तर मामा खाली, बरोबर मधल्या खुर्चीत. इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर. हसायच्या जागी हसत होते, शेवटी टाळ्याही वाजवल्या. नाटक सुटल्यावर तिनं त्यांना दारातच गाठलं.

"मामा, मला सांगायचं तरी!"

"का? तिकीट काढलंय. पुऱ्या किमतीचं."

"कसं वाटलं?"

"झकास. जवळून सगळं दिसतं. राजाचा रंग घामानं मानेवर ओघळला होता, तोही दिसला."

"मग पुढच्या गुरुवारी..."

"पुढच्या गुरुवारी कुठलं गं," मामा म्हणाले. "एवढं जमवायलाच किती दिवस लागले. म्हटलं, शेवटचं बघायचं तर गिऱ्हाईक म्हणून बघावं."

बाहेर पडणाऱ्यांपैकी एकानं त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "काय घड्याळवाले, आज खाली?"

"हो, आज खाली," मामा हसले आणि गर्दीबरोबर पायऱ्या उतरून गेले.

आत ऑफिसात कंपनीच्या बाई भाचीची वाट बघत होत्या. गॅलरी रिकामी का राहते, याचं उत्तर त्यांना हवं होतं. तिनं डोळे पुसले आणि आत गेली.