कुलूपरावांचा शब्द

कुलूपराव हे नाव त्यांना सिनेमावाल्यांनी दिलं होतं, आणि त्यांना ते मनातून आवडायचं. थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या दुकानात सिनेमाचे कॅमेरे भाड्याने मिळत. कॅमेऱ्यांचं ताई आणि भावजी बघायचे. कॅमेऱ्यातून जे परत यायचं त्याची अब्रू कुलूपराव बघायचे. म्हणजे असं, की सकाळी दुकान उघडताच कॅमेरा परत करताना गिऱ्हाईक घाईत असतं. घाईत माणूस छत्री विसरतो, चष्मा विसरतो, तसा कॅमेऱ्याच्या कार्डावर शेवटच्या दिवसाचं चित्रीकरण विसरून जातो. ते कार्ड कुणाच्या नजरेला पडण्याआधी पुसून कोरं करायचं, हे कुलूपरावांचं काम. नऊ वर्षं ते प्रत्येकाला एकच वाक्य सांगत आले होते, "तुमचं आमच्याकडे काही उरत नाही. माझा शब्द आहे." बाजारात चार दुकानं असताना लोक ताईकडे येत ते या शब्दासाठी, असं कुलूपरावांचं म्हणणं होतं. ताईच्या मते लोक पार्किंग मिळतं म्हणून येत.

मतं त्यांच्याकडे भरपूर होती आणि ती फुकट होती, त्यामुळे लोक ती आनंदाने घेऊन जात आणि वापरत नसत. चित्र जास्त बारीक यावं म्हणून कुणी विचारलं, की सहा-के कॅमेरा घेऊ की आठ-के, तर ते म्हणत, "के घरी नेऊन काय लोणचं घालणार आहात? ज्याची बॅटरी चौथ्या दिवशीही मिळते तो कॅमेरा चांगला." ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल तर ते उभ्या उभ्या अर्धा तास बोलत. विकतची सिस्टीम म्हणजे भाड्याचं घर. मालक वाटेल तेव्हा आत येऊन भिंतीला खिळा ठोकतो आणि वर आपल्यालाच विचारतो, आता रीस्टार्ट करू का. म्हणून नऊ वर्षांपूर्वी त्यांनी दुकानातल्या कॉम्प्युटरवरून ती हाकलली आणि फुकटातली, पण खानदानी सिस्टीम बसवली. ताई तेव्हा "बरं" म्हणाली होती. ताईच्या "बरं"चे बरेच अर्थ होत, होकार त्यात क्वचितच असे.

एरवी कुलूपराव अकराला यायचे. त्या दिवशी दाताच्या डॉक्टरने वेळ पुढे ढकलली म्हणून साडेनवालाच आले. ताई काउंटरमागे बॅटऱ्या चार्जिंगला लावत होती. त्यांना बघून तिने घाईने कॉम्प्युटर बंद केला.

"आज लवकर?"

"दात उद्या. बंद का केलास?"

"तापला होता," ताई म्हणाली.

तेवढ्यात माहितीपट काढणाऱ्या बाई आल्या. जुनं गिऱ्हाईक. गेल्या महिन्यात त्यांनी एका काचकारखान्याचं चित्रीकरण केलं होतं. कारखाना कायमचा बंद होणार होता, आणि शेवटच्या दिवशी सत्तर वर्षं पेटती राहिलेली भट्टी विझवली, ती बाईंनी टिपली होती. आता त्यांनी पिशवीतून एक हार्ड डिस्क काढून काउंटरवर ठेवली. ती हलवली की आतून खुळखुळ्यासारखा आवाज येत होता.

"जिन्यावरून पडली," बाई म्हणाल्या. "दुरुस्तीवाल्याने हात वर केले. बाकीचे दिवस एडिटरकडे आहेत. भट्टीचा दिवस यातच होता. कुलूपराव, शेवटच्या दिवसाचं कार्ड मी कॅमेऱ्यातच ठेवून दिलं होतं."

"ते त्याच दिवशी पुसलं मी," कुलूपराव म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, पण आपण नियमाप्रमाणे वागलो याचं थोडं बरंही वाटत होतं, आणि दोन्ही एकाच चेहऱ्यावर मावत नव्हतं. "ते कार्ड परवा दुसऱ्यांच्या शूटिंगला गेलंसुद्धा. तुमचं आमच्याकडे काही उरत नाही."

बाई लेन्सच्या पेटीवर बसल्या. रडल्या नाहीत. नुसत्या त्या डिस्ककडे बघत राहिल्या. "भट्टी परत पेटवायला सांगता येत नाही ना," एवढंच म्हणाल्या.

ताईने एक बॅटरी काढली, परत लावली. मग म्हणाली, "अरे, जरा चहा सांगून येतोस का?"

"फोनवर सांग."

"तूच जा ना. त्याला फोनवर साखर कळत नाही."

"ताई, काय आहे?"

ताईने पदराला हात पुसले आणि कॉम्प्युटर सुरू केला. काळा पडदा आला, त्यावर दोन ओळी आल्या, दोन सिस्टीमांची नावं. ताईने बाण खाली, कुलूपरावांच्या सिस्टीमवर, नेला नाही. आणि नऊ वर्षांपूर्वी हाकललेल्या सिस्टीमने कुलूपरावांचं निळ्या रंगात स्वागत केलं.

"हे काय?"

"जुनंच आहे आपलं."

"हे गेलं होतं ना?"

"गेलं होतं रे. म्हणजे, तू आलास की जायचं."

कुलूपरावांनी भावजींकडे पाहिलं. भावजी एका ट्रायपॉडचा स्क्रू घट्ट करत होते. तो आधीच घट्ट होता. नात्यातल्या कुणीतरी भेट दिलेली भली थोरली फुलदाणी माळ्यावर ठेवतात आणि ते माणूस आलं की धावत जाऊन काढतात, तशी आपली सिस्टीम या घरात नऊ वर्षं नांदत होती, हे कुलूपरावांना हळूहळू उमगलं.

"तुझ्या त्याच्यात मला काही सापडायचं नाही," ताई म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

एवढ्यावर भागलं असतं तर कुलूपरावांनी दोन दिवस अबोला धरून विषय मिटवला असता. पण ताईने एक फोल्डर उघडलं. आत गिऱ्हाइकांच्या नावांची फोल्डरं होती, ओळीने, तारखांसकट. तिने बाईंचं उघडलं. पडद्यावर भट्टी आली. लाल, मग नारिंगी, मग तिच्या तोंडाशी उभा असलेला म्हातारा कामगार, हातातली टोपी न घालता नुसती धरून.

बाई उठून काउंटरच्या आत आल्या. आता रडल्या.

"मी नऊला दुकान उघडते, हा अकराला येतो," ताई त्यांना समजावत होती. "तेवढ्यात उतरवून घेते सगळी कार्डं. माणसं विसरतात हो. कधी कुणाला लागलं तर? मग हा येऊन पुसतो. त्याचंही समाधान."

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू?" बाई म्हणाल्या.

कुलूपरावांना खुर्ची हवी होती, पण खुर्चीवर ताई होती. बाई डोळे पुसत पुसत मधेच थांबल्या.

"सगळी कार्डं म्हणजे? दोन वर्षांपूर्वीचंही माझं एक होतं."

"आहे की," ताई अभिमानाने म्हणाली, आणि उघडलं. पडद्यावर दुसरीच एक बाई खुर्चीत बसून बोलत होती. कुठल्याशा कंपनीत कारकून होती. साहेबांनी कागदांत काय काय बदलायला लावलं ते सांगत होती. "चेहरा किती स्वच्छ आलाय बघा."

"चेहरा दाखवणार नाही या अटीवर बोलली होती ती," बाई म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "अजून तिथेच नोकरीला आहे. मी तिला सांगितलं होतं, मूळ चित्रीकरण माझ्या कुलुपात आहे, बाकी कुठेही नाही. दुकानाचा शब्द आहे म्हणून." त्या कुलूपरावांकडे वळल्या. "तुमचा."

"मला माहीत नव्हतं," कुलूपराव म्हणाले.

आयुष्यात त्यांनी हे वाक्य फारसं वापरलं नव्हतं, त्यामुळे ते नीट उमटलं नाही.

"तुम्हाला?" बाई म्हणाल्या. "कुलूपराव, माझ्या फोनला चार वेळा पासवर्ड बदलायला लावणारे तुम्ही. तुमच्या नाकासमोर नऊ वर्षं हे चाललंय आणि तुम्हाला माहीत नाही?"

"खरंच माहीत नव्हतं हो त्याला," ताई म्हणाली. पण ती ते इतक्या मायेने म्हणाली, की कोणाही ऐकणाऱ्याला वाटावं, बहीण भावाला पाठीशी घालतेय.

"याची आणखी प्रत आहे कुठे?" बाईंनी विचारलं.

"नाही," कुलूपराव म्हणाले.

"आहे एक," ताई म्हणाली. "हाच म्हणायचा ना, एक प्रत म्हणजे शून्य प्रत, दुसरी कायम वेगळ्या छपराखाली ठेवावी. ती ठेवलीय."

"कुठल्या छपराखाली?"

ताई जरा घुटमळली. "तुझ्याच रे. तुझ्या कपाटावर, जाड पांघरुणांच्या पिशवीत. तुझी बायको दर महिन्याला येऊन डिस्क बदलून नेते."

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बायको नणंदेकडे प्रेमाने जाते, याचं कुलूपरावांनी मित्रांत कौतुक केलं होतं. भावजींच्या हातातला स्क्रू निघून खाली पडला आणि ते तो शोधायला टेबलाखाली गेले. बराच वेळ वर आले नाहीत.

"म्हणजे तुमच्याच घरी," बाई म्हणाल्या. चिडल्या नव्हत्या, चिडल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं. "ताईंचं सोडा, त्यांनी भलं करायला केलं. तुमच्याकडून मात्र ही अपेक्षा नव्हती. आता तिला फोन करून काय सांगू ते मी बघते. भट्टीचं मला द्या. बाकी माझं जे जे आहे ते पुसा. माझ्यासमोर. मग आपण तुमच्या घरी जाऊ."

ताईने भट्टी बाईंच्या नव्या डिस्कवर उतरवून दिली. मग खुर्ची रिकामी केली आणि कुलूपराव बसले. निदान पुसणं तरी त्यांना येत होतं. त्यांनी बाईंची फोल्डरं निवडली, कायमचं पुसण्याची आज्ञा दिली, तर त्या निळ्या सिस्टीमने मध्येच एक चौकट काढली आणि पासवर्ड मागितला.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

"सांगायचा नसतो," ताई म्हणाली. "उठ जरा. मी घालते."

ते उठले. ती बसली, हात की-बोर्डवर ठेवले, पण बटण दाबलं नाही.

"तोंड फिरव," ती म्हणाली.

बाई बघत होत्या. कुलूपरावांनी तोंड फिरवलं. समोर भिंत होती, भिंतीवर चार्जरचे हिरवे दिवे. मागून बटणांचा आवाज आला आणि सवयीने त्यांनी तो मोजला. सहा. सहाच अक्षरं, आणि आवाजावरून शेवटची तीन एकाच बटणावर. गिऱ्हाइकाला असा पासवर्ड त्यांनी उभ्या उभ्या बदलायला लावला असता.