वासरू दाखवण्याचे निमित्त

दीड वर्षाच्या यज्ञेशने आपल्या आजोबांशी संबंध तोडले होते. तोडले म्हणजे अगदी उघड. सहदेवने हात पुढे केले की तो मान फिरवी. त्यांच्या हातचा मऊ भात तोंडाशी आला की ओठ घट्ट मिटून घेई. आणि दिवसभर घरात दोघेच उरले म्हणजे तो पुढच्या उंबऱ्यावर बसून राही, रस्त्याकडे तोंड आणि सहदेवकडे पाठ करून. ती एवढीशी पाठ सहदेव दिवसभर बघत असत.

दिवाळीपर्यंत असे नव्हते. पावसाळ्यात बांधावरून घसरून सहदेवचा गुडघा दुखावला, तेव्हापासून शेत त्यांच्या बायकोकडे, चंद्राबाईकडे गेले आणि नातू सहदेवच्या वाट्याला आला. दोघांचे असे मेतकूट जमले की चंद्राबाई म्हणे, "म्हातारा पोराला सांभाळतो का पोर म्हाताऱ्याला, कोनाला ठावं!" त्या भरवशावरच सून श्रद्धाने कर्जतला, रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये, काम धरले. "येवढी शिकलीस ती काय चुलीपुढं बसायला? जा तू. पोराला मी हाय," असे सहदेवनेच तिला बजावले होते.

अडचण एकच होती. आई निघताना पोर रडे. त्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून एक उपाय काढला. सकाळी निघायची वेळ झाली की सहदेव नातवाला कडेवर घेत आणि "चल रं, वासरू बघू," म्हणत मागल्या दाराने गोठ्यात नेत. तेवढ्यात श्रद्धा चपला हातात घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडे. ऋतिक, तिचा नवरा, मोटारसायकल चालू न करता रस्त्याच्या वळणावरच्या चिंचेपर्यंत ढकलत नेई आणि तिथे किक मारी. तिला कर्जतला सोडून तो पुढे खोपोलीच्या कारखान्यात जाई. स्वतःच्याच घरातून दोघे नवरा-बायको चोरासारखे पळ काढत. हेतूत पाप नव्हते. पोराने रडू नये, एवढेच.

आणि सुरुवातीला ते रडलेही नाही. गोठ्यातून परतल्यावर यज्ञेश आईला शोधी. दाराआड बघे, न्हाणीत डोकावे, दांडीवरची ओढणी ओढून तिच्याखाली बघे. मग मुकाट्याने बसून राही. "बगा, कसा शाना हाय," असे म्हणून चंद्राबाई शेतावर जाई.

मग एके दिवशी गोठ्याच्या वाटेवरच त्याने किंकाळी फोडली. ज्या वासराच्या कपाळावर तो गाल घाशी, त्याच्याकडे बघेना. पुढे पुढे श्रद्धा घरी असतानाही तिला सोडीना. ती न्हाणीत गेली तरी दार बडवी. "वासरानं ढुशी दिली आसंल," म्हणत चंद्राबाईने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. सहदेवने वासरू लांब, कुंपणाशी नेऊन बांधले. कशाचाही उपयोग झाला नाही.

शनिवारी जेवताना श्रद्धा म्हणाली, "बाबा, मी महिनाअखेर काम सोडते. तो तुमच्याजवळ राहत नाही, तर किती दिवस ओढायचं?"

तिने दोष दिला नव्हता. तरी सहदेव अर्ध्या ताटावरून उठले.

रविवारी सगळी घरात होती. श्रद्धा ओटीवर तांदूळ निवडत होती आणि यज्ञेश तिच्या पाठीशी रेलून पळीने डबा बडवत होता. सहदेवला वाटले, आज आई समोर आहे, आज येईल. हात पुढे करून ते सवयीने म्हणाले, "चल रं, वासरू बघू."

पळी खाली पडली. यज्ञेशने दोन्ही मुठींनी आईचा गाऊन धरला. गोठा ज्या बाजूला होता, तिकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. तो आईच्या तोंडाकडे बघत होता. मग पुढच्या दाराकडे, आणि पुन्हा तिच्याकडे.

सहदेवचे पसरलेले हात हळूहळू खाली आले.

"श्रद्धा," ते म्हणाले, "हा वासराला भीत नाय गं. हा मला वळखून हाय."

"म्हणजे?"

"मी वासराचं नाव काढलं की तू जातीस. रोज. मी त्याला फशिवतो, येवढं त्याला कळलंय."

"अवो, येवढ्याशा पोराला काय कळतंय?" चंद्राबाई म्हणाली.

"कळत नाय म्हनून तुला सांगितलं व्हतं का त्यानं? मग कशावरून नाय कळत?"

श्रद्धाने तांदळाचे ताट बाजूला ठेवले. मग हळूच म्हणाली, "मी वाचलं होतं, बाबा. आई न सांगता गेली की मूल रडत नाही, पण ती कुठल्याही क्षणी नाहीशी होईल या धास्तीने दिवसभर तिला धरून ठेवतं. सांगून जावं, थोडक्यात, आणि एकदा निघालं की मागे फिरू नये, असं लिहिलं होतं. पण त्याला रडताना टाकून माझा पाय निघाला नसता."

"आन आता?" ऋतिकने विचारले.

"आता तर निघायलाच पाहिजे."

"रडू दे त्याला," सहदेव म्हणाले. "मी धरतो." बोलून गेले खरे, पण मनात धाकधूक होतीच. आईपासून तोडणारे हात म्हणून पोराने त्यांच्यावर कायमचा राग धरला तर?

सोमवारी मोटारसायकल अंगणातच चालू झाली. श्रद्धाने यज्ञेशचे दोन्ही हात हातात घेतले. "आई कामाला जाते. तू जेवशील, झोपशील, उठून दूध पिशील. मग आई येईल." तिने त्याचा पापा घेतला, त्याला सहदेवच्या कडेवर दिले आणि गाडीवर बसली. मागे वळून हात केला तेव्हा तिचेही डोळे भरले होते.

यज्ञेशने असा टाहो फोडला की समोरच्या घरातली शेजारीण कोंडी अंगणातून ओरडली, "काय वो भावजी, पोराला मारताय का काय?"

"आई गेली म्हनून रडतोय!"

"मग दावा की कायतरी! कोंबडी दावा, आभाळातलं इमान दावा!"

"नाय दावत!" सहदेव ओरडले.

कुठलेही आमिष न दाखवता ते अंगणात उभे राहिले. यज्ञेश रस्त्याच्या दिशेने पार वाकला होता, हात लांबवून, आजोबांच्या छातीवर पाय रेटत. "आई गेली. तुला नाय आवडलं. दूध पिऊन झालं की येनार हाय," एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. पोर थकून निजले तेव्हा त्यांचा सदरा भिजला होता. सायंकाळी दूध संपताच ते त्याला घेऊन फाटकाशी गेले. आई जाताना दिसली तशी येतानाही दिसायला हवी, हे त्यांना आपसूकच सुचले होते. श्रद्धा गाडीवरून उतरली. "बघ, आली," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही तोच टाहो. तिसऱ्याही. चंद्राबाई कुरकुरली, "रोज सकाळी मयत झाल्यावानी रडनं. त्यापेक्षा पयलंच बरं व्हतं." पोर उंबऱ्यावर बसे, ती पाठ अजून तशीच होती. मात्र सहदेव आता त्याला बोलावीत नसत. त्याच्या शेजारी, थोडे अंतर राखून, आपणही रस्त्याकडे तोंड करून बसत.

"काम सोडतीस म्हनून आजून सांगितलं नाय ना लॅबमदी?" त्यांनी एकदा श्रद्धाला विचारले.

"नाही, बाबा."

"नको सांगूस."

त्यानंतरच्या आठवड्यातली एक सकाळ. ढग नव्हते, झोडणी आटोपलेल्या खळ्यातून पेंढ्याचा वास येत होता. श्रद्धाने रोजचे शब्द सांगितले, पापा घेतला, गाडी निघाली. यज्ञेश रडू लागला. अंग रस्त्याकडे झोकून दिलेले, हात लांबवलेले, नेहमीसारखेच. गाडी चिंचेपाशी वळली आणि दिसेनाशी झाली.

तो थोडा वेळ त्या मोकळ्या वळणाकडे बघत राहिला. मग त्याचे लांबवलेले हात मागे आले. तो वळला. ओला, गरम चेहरा त्याने आजोबांच्या मानेत खुपसला, त्यांच्या सदऱ्याची कॉलर मुठीत घट्ट धरली आणि तिथे, त्यांच्या खांद्यावर, पुन्हा हुंदके देऊ लागला.

सहदेव जागचे हलले नाहीत. जरा हललो तर पोर आपला विचार बदलेल, असे त्यांना वाटले. मग त्यांनी त्या एवढ्याशा पाठीवर हात ठेवला.

"रड, रं राजा," ते म्हणाले. "मी हाय."