भेटायला येणाऱ्यांचा व्यायाम

विठाबाईनं गुडघ्याची वाटी फोडून घेतली ती ऐन नवरात्रात, आणि कारण काय, तर शेळी! देवापुढच्या घटाला चांगले बोटभर कोंब आले होते आणि शेळीनं उंबरा ओलांडून थेट त्यात तोंड घातलं. "हाईक! देवीचं खातीस व्हय गं, मेले!" म्हणत विठाबाई धावली. फरशी नुकतीच पुसलेली. शेळी पळाली, घट वाचला, आणि विठाबाई गुडघ्यावर अशी आदळली, की म्हणे शेजारच्या आळीत आवाज गेला. आमच्या बेंबळी गावात म्हणतात ते सगळंच काही खरं नसतं, पण वाटीचे दोन तुकडे झाले हे मात्र खरं.

धाराशिवला ऑपरेशन झालं, वाटी तारेनं बांधली, टाके निघाले. मग व्यायाम शिकायला डॉक्टरांनी वैदेही म्याडमकडं पाठवलं. ही तुळजापूरची पोरगी, वयानं विठाबाईच्या लेकीएवढी, बोलायला गोड आणि व्यायामाला एकदम कडक. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची आणि गुडघा खाली दाबायचा. टाच गादीवरून हळूहळू आपल्याकडं ओढायची. पाय सरळ धरून उचलायचा आणि दमानं खाली ठेवायचा.

"मावशी, हाड तारेनं धरलंय, पण गुडघा वाकवायचं काम तुमचंच आहे," ती म्हणाली. "आता आळस केलात तर तो आखडून बसेल."

"येळवशीपातुर चालता यील का गं बाई? तेवढं सांग."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे रानात. विठाबाईच्या घरची रीत अशी, की नवरा बलभीम ज्वारीवर आंबील शिंपडत पुढं चालणार आणि ती आंबिलाचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, काखेत घेऊन मागं. साऱ्या रानाला वेढा घालायचा. लग्न होऊन आल्यापासून तिनं ते बिंदगं दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नव्हतं.

"रोज केलंत तर येईल. नाहीतर टेम्पोत बसून जायचं," वैदेही म्हणाली.

टेम्पो म्हटल्याबरोबर विठाबाईनं कानाला हात लावले. येळवशीला टेम्पोतून जायची ती तिची थोरली चुलत जाऊ, गजराबाई. एक पाय काठीसारखा ताठ. बाई दिवसभर झाडाखाली खुर्चीत बसायची, लोक ताट हातात आणून द्यायचे. विठाबाईनं तिथंच ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, पण टेम्पोत बसणार न्हाय.

ठरवलं खरं, पण घरी येऊन बघते तर ओसरीत चपलांचा ढीग! आजारी माणसाला भेटायला जाणं हे आमच्याकडं लग्नाला जाण्याइतकंच जरुरी. न गेलं तर माणूस मरेपर्यंत बोलून दाखवतो. आणि भेटायला आलेल्याला आजारी माणूस कसा दिसला पाहिजे? आडवा! बिस्किटाचा पुडा घेऊन कोसभर चालत यावं आणि बाई पाय वर-खाली करताना दिसावी, हे काय बरं दिसतं? मग दार वाजलं की विठाबाई टॉवेल लपवायची, गोधडी ओढायची आणि "आई गं" म्हणून कण्हायची. पाहुणे बसायचे, चहा घ्यायचे आणि कुणाची कशी तार तुटली ते रंगवून सांगायचे. जाताना ताकीद द्यायचे, "जागचं हलू नगा बरं का!" एक गेला की दुसरा हजर. बिस्किटांनी फळी भरली आणि टाच होती तिथंच राहिली.

पुढच्या खेपेला वैदेहीनं गुडघा वाकवून बघितला. तिचा चेहरा उतरला.

"मावशी, व्यायाम करता ना?"

"करते की."

"कुठलं करतात!" सोबत आलेली सून दीपमाला तडकलीच. "दार वाजलं की आत्या गोधडीत!"

वैदेही रागावली नाही, तेच वाईट झालं. ती शांतपणे म्हणाली, "असंच राहिलं तर भूल देऊन वाकवायची वेळ येईल. आणि मग येळवस विसरा."

परतताना जीपमध्ये विठाबाई पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी गजराबाई आली. तिला खाली बसता येत नाही, म्हणून दीपमालानं खुर्ची दिली. ताठ पाय पुढं पसरून गजराबाईनं फर्मान काढलं, "विठे, आजाबात हलू नगंस. म्या बघ, पाय मोडला तवा तीन महिनं अंथरुणावर होते. बोट हलवलं न्हाय! समदा गाव म्हणायचा, काय इस्रांती घेतली बाईनं!"

विठाबाई त्या पायाकडं बघतच राहिली. इतकी वर्षं तिला वाटायचं, पाय मोडला म्हणून ताठ झाला. आज तिला कळलं, की मोडलेला पाय जुळला होता. ताठ केला तो पडून राहण्यानं, आणि त्याचं साऱ्या गावानं कौतुक केलं होतं! तिनं अंगावरची गोधडी भिरकावली.

"दीपे, टॉवेल आण!" ती ओरडली.

"आगं, काय करायलीस? तार तुटंल!"

"तुटू द्या. आक्का, आता मी कुणाचं ऐकायची न्हाय. तुमी मला भेटायला आलाव न्हवं? मग माझ्यासंगं मांडी आवळा. न्हायतर च्या मिळायचा न्हाय!"

गजराबाई आ वासून बघत राहिली. पण चहा आल्याचा होता, वास दरवळत होता. तिनं खुर्चीतल्या खुर्चीत मांडी आवळली.

त्या दिवसापासून घराचा कायदाच झाला. भेटायला यायचं तर जरूर या, पण पाय उचला. सिद्रामप्पा गावातले वजनदार गृहस्थ, तेही सुटले नाहीत. धोतर सावरत त्यांनी पाय उचलला आणि पोटरीत असा गोळा आला, की दोघांनी धरून बसवावं लागलं. "विठाबाई, पेशंट कोण हाय, तुमी का म्या?" असं म्हणत ते स्वतःच खो खो हसत सुटले. हळूहळू ओसरीवर संध्याकाळी बायकांची गर्दी व्हायला लागली. कुणाची कंबर धरलेली, कुणाचे गुडघे कुरकुरणारे. दीपमाला आकडे मोजायची आणि व्यायाम संपला की फळीवरचे पुडे फोडायची. गजराबाई रोज पहिली यायची.

दीपमालानं फोनवर सगळं सांगितलं तेव्हा वैदेही हसून हसून बेजार झाली. मग एके दिवशी तिनं गजराबाईला बोलावून पाय तपासला. "आजी, खोटं सांगणार नाही. पाय जुना आहे, मांडी घालून बसता येणार नाही. पण मांडीत जोर येईल, तोल येईल. सोडू नका."

विठाबाईचा गुडघा मात्र कुरकुरत, दुखत, शिव्या खात वाकत गेला. वॉकर सुटला, काठी आली.

येळवशीला ती चालत रानात गेली. वैदेहीनं सांगितल्यासारखं बिंदगं अर्धंच भरलं होतं, एका हातात काठी होती. ज्वारी छातीला लागत होती. बलभीमानं डहाळीनं आंबील शिंपडत येळवशीची ठरलेली आरोळी दिली, "ओलगे ओलगे!" आणि मागून पोरंसोरं ओरडली, "सालम पलगे!"

अर्ध्या वेढ्यात बांध आडवा आला. विठाबाईनं काठी सावरली. 'चढताना चांगला आधी, उतरताना दुखरा आधी,' असं वैदेहीनं शिकवलेलं पुटपुटत तिनं पाय टाकला. वर गेली, खाली उतरली, उभी राहिली! तिला आनंदानं नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात मागं काठीचा आवाज आला. बघते तर गजराबाई! टेम्पोतून उतरून, खुर्ची सोडून, तिच्या मागोमाग आलेली. ताठ पाय, घामाघूम चेहरा. तिनंही चांगला पाय बांधावर टाकला, काठी रोवली आणि अंग वर उचललं. धरायला कुणी धावलं तर खेकसली, "हात लावू नगंस!" ती सावकाश उतरली, विठाबाईजवळ येऊन उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"विठे, तवा मलाबी कुणी असं सांगाया पायजे हुतं गं. समदी भेटाया आली, पन कुणी सांगितलं न्हाय."

विठाबाईनं काखेतलं बिंदगं काढलं आणि गजराबाईच्या काखेत दिलं.

"धरा आक्का. ऱ्हायलेला वेढा तुमचा."

पुढं गेलेला बलभीम आंबील घ्यायला मागं वळला. बघतो तर बिंदगं वहिनींच्या काखेत! तो डहाळी हातात धरून तसाच उभा राहिला.

"बघतुस काय बलभीमा?" गजराबाई नाक ओढत ओरडली. "बुडव डहाळी आन् चल फुडं!"