बिस्किटची आई, डस्टीचे बाबा

मी कडी बोलतेय. ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावात कुत्र्यांना मोकळं सोडायचं मैदान आहे, त्याला एकामागे एक अशी दोन फाटकं आहेत, त्यातल्या आतल्या फाटकाची कडी. बाहेरच्या फाटकालाही एक आहे, पण ती बिचारी सरळमार्गी. उघड म्हटलं की उघडते, लाग म्हटलं की लागते. मला मेलीला मात्र नसत्या चौकशा! कोण आलं, कोणाबरोबर आलं, काल का नाही आलं, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म एका लोहाराच्या शेडमधला. माझ्या बहिणींपैकी कोणी घोड्यांच्या तबेल्यावर गेली, कोणी शाळेच्या फाटकावर. मला इथे ठोकलं तेव्हा वाटलं, झालं, जन्मभर कुत्र्यांची चाकरी! पण खरं सांगू? कुत्री गुणी असतात. त्रास सगळा माणसांचा.

इथला नियम सोपा आहे. बाहेरचं फाटक उघडून मधल्या जागेत या, ते लावा, कुत्र्याचा पट्टा सोडा आणि मगच मला हात लावा. दोन्ही फाटकं एकदम उघडी राहिली तर कुत्रं थेट हमरस्त्यावर. पण इथली माणसं इतकी सभ्य, की मागून कोणी येताना दिसलं की फाटक धरून उभीच राहतात. "या, या, सावकाश या!" अहो, तुमचा सभ्यपणा होतो आणि तेवढ्यात पायांमधून एखादं टेरियर पसार! मग बिस्किटची आई बाकावरून गरजते, "एका वेळी एक फाटक! घरी संडासाचं दारही असंच उघडं ठेवता का?"

बिस्किट म्हणजे एक लठ्ठ लॅब्रेडॉर, आणि तिची आई म्हणजे आखूड करड्या केसांची, साठी उलटलेली खमकी बाई. कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, नियमांची पाटी लावली आहे, पण ती वाचायची गरज कोणाला पडत नाही. कोणी खिशातून खाऊ आणला, ही ओरडली. कोणी फोनमध्ये डोकं घातलं, ही ओरडली. कुत्र्याने घाण केली आणि मालक ढगांकडे बघायला लागला, की ही पिशवी घेऊन समोर हजर. "हे तुमचं राहिलं वाटतं."

एका गोष्टीचं मात्र मला पहिल्यापासून नवल वाटायचं. इथे माणसांना नावंच नसतात! कुत्र्याचं नाव, वय, आवडनिवड, पोटाच्या तक्रारी, सगळं खोदून खोदून विचारतील. माणूस मात्र फक्त कोणाची तरी आई किंवा कोणाचे तरी बाबा. प्रिन्सेसचे बाबा म्हणजे टोंगा बेटांवरून आलेला दांडगा ट्रक ड्रायव्हर, आणि प्रिन्सेस जेमतेम त्याच्या पंजाएवढी. तिसरे डस्टीचे बाबा. उंच, वाकलेले, हळू बोलणारे म्हातारे. बरोबर डस्टी, केल्पी जातीचा तांबूस कुत्रा. रोज सकाळी हे तिघे एकाच बाकावर. डस्टीला कोंबडी पचत नाही, विजेच्या कडकडाटाला तो घाबरतो, हे सगळ्यांना तोंडपाठ. म्हातारबुवा घरी काय जेवतात, कशाला घाबरतात, कोणी विचारलं नाही. मलाही ठाऊक नव्हतं, आणि म्हणे मी चौकस!

सप्टेंबरातल्या एका रविवारी डस्टी एकटाच आला. पट्टा जमिनीवरून फरफटत होता, पोट चिखलाने माखलेलं.

"अगं बाई, डस्टी! बाबा कुठे राहिले तुझे?" बिस्किटच्या आईने सवयीने त्याला मधल्या जागेत घेतलं, पट्टा सोडला, आत सोडलं आणि मला लावून टाकलं. "येतील मागून, हळूहळू."

"कसले येतायत!" प्रिन्सेसचे बाबा हसले. "काल त्यांचा फुटबॉल संघ हरला ना, तोंड लपवून बसले असतील. आज माझ्या तावडीत सापडायचं नाहीये म्हाताऱ्याला."

डस्टी मैदानाकडे फिरकलासुद्धा नाही. मागच्या पायांवर उभा राहून तो मलाच ओरबाडायला लागला. मी लोखंडाची, मला काय होतंय? पण त्याच्या नखातून रक्त यायला लागलं. जीव नुसता तुटत होता माझा. अरे, त्याला आत यायचं नव्हतं रे, तुम्हाला बाहेर न्यायचं होतं!

बराच वेळ गेला. बाक अर्धा रिकामाच.

"फोन तरी लाव त्यांना," बिस्किटची आई म्हणाली.

"नंबर कुठेय? नाव सांग, शोधतो."

बिस्किटच्या आईने कपाळावर हात मारला. "नाव... अरे, इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसतेय. डस्टीच्या गोळ्यांची वेळ मला पाठ आहे. त्यांचं नाव नाही माहीत मला!"

"घर?"

"तेही नाही."

डस्टीच्या गळ्यात कौन्सिलचा बिल्ला होता, पण त्यावर नुसता नोंदणीचा आकडा, आणि रविवारी कार्यालय बंद. तेवढ्यात डस्टीने मला पुन्हा धडक दिली. बिस्किटची आई ताडकन उठली. तिने त्याला पट्टा लावला आणि ओरडली, "उघड! दोन्ही फाटकं उघड!"

"अगं, पण नियम..."

"खड्ड्यात गेला नियम!"

डस्टी पुढे, ती मागे, प्रिन्सेसला काखेत मारून तिचे बाबा त्यांच्या मागे. मी सताड उघडी. बिस्किट मात्र इतकी जड, की रस्ता मोकळा असूनही जागची हलली नाही. आम्ही दोघी तिथेच. थोड्या वेळाने ओढ्याच्या बाजूने रुग्णवाहिकेचा आवाज आला आणि माझा धीर सुटला. कोणासाठी? जिवंत असतील ना? सांगणार कोण!

दुसऱ्या दिवशी कळलं. इथले मॅगपाय पक्षी विणीच्या दिवसांत माणसांवर तुटून पडतात, तशी एकाने डोक्यावर झडप घातली, चुकवताना म्हातारबुवांचा पाय घसरला आणि ते ओढ्याच्या काठावरून खाली गेले. खुबा मोडला, डोकं आपटलं, गारठून शुद्ध हरपली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. "रुग्णवाहिकेवाल्याने त्यांचं नाव विचारलं," बिस्किटची आई मला धरून सगळ्यांना सांगत होती, "आणि मी मान खाली घातली. मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"मग हॉस्पिटलात सापडले कसे?" प्रिन्सेसच्या बाबांनी विचारलं.

"काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, डस्टीच्या बाबांना भेटायचंय. ती बघतच राहिली. म्हणाली, तुम्ही कोण? मी म्हटलं, बिस्किटची आई. तशी ती उभीच राहिली. म्हणाली, जा, लवकर आत जा! शुद्धीवर आल्यापासून ते सारखं 'बिस्किटच्या आईला बोलवा' म्हणतायत. आम्हाला वाटलं, डोक्याला मार लागलाय, बरळतायत." तिने बाहीने डोळे पुसले. "जवळचं माणूस कोण म्हणून विचारलं होतं रे त्यांना."

त्यांचं नाव लेस्टर पास्को. बिस्किटची आई मॉरीन, आणि प्रिन्सेसचे बाबा विलियामी. खुबा सांधल्यावर लेस्टर परवा काठी टेकत आले, तेव्हा रोज एका बाकावर बसणाऱ्या या तिघांनी पहिल्यांदा एकमेकांना नावं सांगितली आणि लहान पोरांसारखी तिघंही लाजली.

माझी स्प्रिंग आता सैल झाली आहे, पुढच्या महिन्यात नवी कडी येणार म्हणतात. तर जाता जाता एवढंच सांगते. पट्टा सांभाळा, घाण उचला, फाटक लावा. हे पाटीवर आहेच. पाटीवर नाही ते हे: कुत्र्याला कुरवाळून झालं की मान वर करा आणि त्याच्या माणसालाही विचारा, "आणि तुम्ही कोण?"