मागे घेतलेला लेख

इंटरनेटवरच्या खुल्या संग्रहातले वैद्यकीय लेख आपोआप ओढून डॉक्टरांना उत्तरं शोधून देणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. पहिल्याच आठवड्यात तिच्या डॉक्टर मावशीचा फोन आला. "अगं, तुझ्या प्रोग्रामने सुचवलेलं औषध मी पेशंटला लिहून देणारच होते. तो लेख तर खोटे आकडे सापडले म्हणून केव्हाच मागे घेतलाय!"

तिने लगेच प्रोग्राम उघडून पाहिला. लेख मागे घेतला असेल तर संग्रह तसं कळवतो, आणि ते लाल अक्षरांत दाखवणारी ओळ तिने स्वतः लिहिली होती. आता ती ओळच गायब होती. ती तडक कंपनीच्या साहेबांकडे गेली.

"मीच काढायला लावली," साहेब चहात बिस्किट बुडवत म्हणाले. "लाल अक्षरं दिसली की गिऱ्हाईक बिचकतं."

"आणि पेशंट?"

"तो कुठे आपला प्रोग्राम बघायला येतोय?" ते हसले. त्यांच्या मिशीला ओलं बिस्किट चिकटलं होतं. तिला शिसारी आली.

तिने ती ओळ पुन्हा घातली आणि सगळ्या डॉक्टरांना चूक कळवली. तासाभरात तिला कामावरून काढलं. जिना उतरताना, त्या ऑफिसातली घाण लागल्यासारखं वाटून, तिला कधी एकदा हात धुते असं झालं होतं.